चतुराबाईच्या पानाला कावळा शिवेना

घोटीजवळच्या शेततळ्यावर चतुराबाई एकटीच राहते. तळ्यातल्या रोहू-कटल्याला घालायची सुकट मिळेनाशी झाली, तेव्हा नाशिकच्या शिबिरात जाऊन ती माशीच्या अळ्या पाळायला शिकली. सडका भाजीपाला अळ्यांना, आणि वाळवून दळलेल्या अळ्या भाताच्या कोंड्यात कालवून माशांना. मासे तरारले, पण गावाने नाक मुरडलं. शेजारची सिंधुबाई रोज चहाला यायची, ती आता बांधावरूनच "बरं हाय ना?" विचारून चालू पडते. मासे मात्र त्याच गावाने चाटूनपुसून खाल्ले. नावं ठेवणारं तोंड वेगळं आणि खाणारं वेगळं असावं बहुतेक.

पितृपक्षात नवऱ्याची, गोटीरामची, तिथी आली. चतुराबाईने दहा माणसांचा स्वयंपाक केला. मुलगा अमोल राहतो नाशकातच, गंगापूर रोडला, म्हणजे काही सातासमुद्रापार नाही; पण त्याला रजा नव्हती. गावातलंही कुणी फिरकलं नाही.

तिने वडे, कढी, खिरीचं पान पत्र्यावर ठेवलं आणि हाका मारल्या. गेल्या वर्षी कावळा पहिल्याच हाकेला आला होता. आज आभाळात एक पंख दिसेना. गेलेल्या माणसाची इच्छा राहिली की कावळा शिवत नाही, म्हणून ती एकेक कबूल करत गेली.

"अमोलला बोल लावनार नाय."

"तळं इकनार नाय."

खीर थिजली.

"अळ्यांचा राग आलाय का वो? सोडून देते मंग. पन तुमी तरी या."

म्हणता म्हणता खुंटीवरच्या गोफणीकडे तिचं लक्ष गेलं आणि तिने कपाळावर हात मारून घेतला. ट्रेवर जाळी घातली तरी अळ्यांवर कावळे तुटून पडतात म्हणून वर्षभर तिने सकाळ-संध्याकाळ गोफण चालवली होती. एकाही कावळ्याला तळ्यावर टिकू दिलं नव्हतं, आणि आता त्यांनाच आवतण देत बसली होती!

तिने अळ्यांच्या एका ट्रेवरची जाळी काढली आणि लांब जाऊन बसली. बऱ्याच वेळाने एक कावळा बिचकत उतरला. त्याने आधी अळ्यांवर ताव मारला, चोच पुसली, मग उडून पत्र्यावर गेला आणि वडा टोचला.

चतुराबाईला रडू फुटलं. काढलेली जाळी तिने परत घातलीच नाही.

"उद्या बी या," ती त्याला म्हणाली. "मी एकलीच असते."