काळ्या तिळांच्या सुरळ्या

सन १९४६. माझं वय तेव्हा सदतीस. पाचोऱ्याला माझं सुतारकाम होतं, बैलगाड्यांची चाकं मीच करायचो आणि पंचक्रोशीत माझ्या चाकाला कोणी नाव ठेवलं नाही. शाळा दुसरीपर्यंत. मास्तरानं विनाकारण छडी मारली, त्या दिवशी पाटी तिथंच टाकून आलो. त्याचा पस्तावा मला आजही नाही. दुसऱ्या एका गोष्टीचा आहे, ती लिहितो.

माझा धाकटा भाऊ लढाईत रेल्वेच्या कामावर आसामात गेला होता. दोन वर्षांत दोन पत्रं आली. लढाई संपल्यावर दिवाळीनंतर तो आला, तो बायको घेऊनच. तिकडची मुलगी. आईबाप राहिले नव्हते, मामानं लग्न लावून दिलेलं. तिच्या हातात एक ट्रंक आणि लाल काठाच्या पंच्यात बांधलेली तांदळाची पुरचुंडी. स्टेशनपासून घरापर्यंत पोरंटोरं मागं.

भाऊबंदांची बैठक बसली. मला दोन पोरी लग्नाच्या, म्हणून मी खाली मान घालून बसलो होतो. मान खाली घालावी लागली, हेही मला लागलंच होतं. शेवटी ठरलं असं की संक्रांतीला बाया आमच्या घरी वाणाला येतील. तिच्या हातचं त्यांनी खाल्लं तर ती जातीत आली. नाही खाल्लं तर धाकट्यानं बायको घेऊन गाव सोडायचं, नाहीतर माझ्या पोरींना सोयरीक मिळणार नाही.

माझी बायको तिला आमच्यासारखे तिळाचे लाडू शिकवणार होती. पण धाकटा म्हणाला, "भाऊ, तिच्याकडंही याच दिवसांत सण असतो. तांदळाच्या पिठात तीळगूळ भरून सुरळ्या करतात. ती म्हणते, मला जे चांगलं येतं ते करते."

"करू दे," मी म्हणालो. "आपल्या घरात आलेली बाई अडाणी नाही हे लोकांना दिसू दे."

पीठ जात्यावर दळून चालत नव्हतं. तांदूळ भिजवून, निथळून, ओला असतानाच कुटायचा. तिकडं त्याला पायानं चालवायचं लाकडी यंत्र असतं म्हणे. ते मी बघितलं नव्हतं, म्हणून बाभळीच्या बुंध्याचं नवं उखळ कोरून दिलं. चार दिवस लागले. आतून असं गुळगुळीत केलं की तळहात फिरवला तर कुठं अडकू नये. तिनं त्यात हात फिरवला आणि हसली. आमच्या घरात आल्यापासून पहिल्यांदा हसली. मी तोंड फिरवलं, पण बरं वाटलं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी तीळ आणायला मी गेलो. ती काळेच म्हणाली होती. तीळ हा शब्द तिच्याकडंही तोच, आणि काळे सांगताना तिनं आपल्या केसांना हात लावला होता.

दुकानदार मारवाडी. हातातलं माप तसंच धरून म्हणाला, "काळे तीळ? मिस्तरी, कोणाचं श्राद्ध आहे का?"

"तुला विकायचे नसतील तर सांग."

"तसं नाही हो. पण उद्या संक्रांत. लोक पांढरे नेतात. पोतं भरून आहेत, ते घेऊन जा."

पांढरे घेतले असते तर एवढ्यावर मिटलं असतं. पण माझ्या घरात काय शिजतं ते दुकानदारानं मला शिकवावं? मी काळेच बांधून घेतले.

घरी धाकट्यानं पुडी उघडली आणि थांबला. "भाऊ, मी दोन वर्षं बाहेर होतो, नीट आठवत नाही. या दिवशी आपल्यात काळे चालतात ना?"

"चालतात."

"वहिनीला विचारू?"

"माझ्या घरात काय चालतं ते मी ठरवतो. वहिनीला काय विचारतो?"

त्यानं पुडी परत बांधली. माझा शब्द त्यानं लहानपणापासून कधी मोडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती चुलीपुढं बसली. ओलसर पीठ फडक्यातून गाळलेलं. तवा नुसता तापवायचा, तेलाचा थेंब नाही, पाणी नाही. मूठभर पीठ तव्यावर पसरायचं, मधोमध भाजून कुटलेले तीळ आणि गूळ, आणि दोन्हीकडून उलथन्यानं दुमडून सुरळी करायची. पीठ आपोआप धरतं. माझी बायको खापरावर मांडे करणारी, काळ्या तिळांवरून सकाळी मी तिलाही दटावलेलं, तीसुद्धा कंबरेवर हात ठेवून बघत राहिली.

"काय वं बाई, पानी नही, तेल नही, अन् कसं चिटकी ऱ्हायनं!"

तिला शब्द कळले नसतील, पण कौतुक कळलं. पुरचुंडीतला सगळा तांदूळ तिनं त्या एका दिवसाला लावला. असा चिकट तांदूळ आमच्याकडं पिकत नाही. ताटात पांढऱ्या सुरळ्या रचल्या, दोन्ही टोकांतून काळं सारण दिसत होतं. वास असा की पोरी चुलीजवळून हलेनात.

बाया आल्या. हळदकुंकू झालं. तिनं डोक्यावर पदर घेऊन ताट पुढं केलं. मी ओट्यावर होतो, दार उघडंच होतं. आधी भाऊबंदांतली थोरली अक्का वाकली. तिनं एक सुरळी उचलली, मोडली, आणि हात झटकला.

"हाई काय शे वं? तांदूयनं पीठ अन् काया तीय! जित्ता माणसेसले पिंड देस का?"

मागून कोणी म्हणालं, "दहाव्वाले बलायं वाटतं आपले!" दहाव्याच्या जेवणाचं नाव निघताच दोघीतिघी हसल्या. पण अक्का हसली नाही, ती उठली, आणि ती उठली म्हणून सगळ्या उठल्या.

धाकटा माझ्याकडं बघत होता. मला एवढंच म्हणायचं होतं की तीळ मी आणले, माझ्या हट्टानं आणले, तिला ठाऊक नव्हतं. अक्का तोंडाची कडक, पण तिनं मला खेळवलेलं होतं. मी चूक कबूल केली असती तर ती मला चार शिव्या देऊन परत खाली बसली असती. हे मला तेव्हाही माहीत होतं.

मी ओट्यावरून म्हणालो, "मी सांगितलं होतं काळे नको म्हणून. हिनं ऐकलं नाही."

अक्का जाता जाता म्हणाली, "बायको ऐकत नही, भावजयी काय ऐकई तुनं!"

बाया गेल्या. ताट भरलेलंच राहिलं. माझ्या बायकोनं एक सुरळी उचलली, माझ्यासमोर उभं राहून सगळी खाल्ली, बोटं चाटली आणि धाकट्याच्या बायकोच्या पाठीवर हात ठेवला. धाकटा भांडला असता तर मी पुरून उरलो असतो. त्यानं फक्त बायकोला तिच्या बोलीत काहीतरी सांगितलं. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि उरलेल्या सुरळ्या त्या लाल काठाच्या पंच्यात बांधायला लागली. सुरळी कशी करतात ते मी इतकं सगळं सांगितलं, पण चव मला विचारू नका. एकही माझ्या वाट्याला आली नाही, आणि मी मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोघं स्टेशनकडं निघाली. माझ्या पाया पडायला धाकटा ओट्यापर्यंत आला, मी लाकूड तासायच्या वासल्याला धार लावत होतो, मान वर केली नाही. बायको आतून म्हणाली, "अजून वेळ शे. गाडीले उशीर शे. जा ना, दोन शब्द बोला."

मी उखळ अंगणात ओढलं. तळाला कालचं पीठ वाळून पांढरं चिकटलं होतं. पाण्यानं सुटलं असतं, पण मी पटाशी घेतली आणि आतलं लाकूडच तासून काढायला बसलो. गाडीची शिटी झाली तेव्हा निम्मं झालं होतं. पुरं तासून झाल्यावर उखळ चुलीपाशी नेऊन ठेवलं आणि बायकोला म्हणालो, "घे. मिरच्या कुटायला होईल."