मिश्रीचा रकाना

अन्नधोरणात एम. ए. करते म्हटल्यावर आमच्या गल्लीतल्या बायका विचारतात, "म्हंजे सैपाकाचं कॉलेज व्हय गं?" मी हसून "तसंच काय तरी" म्हणते. मला नीट सांगता येत नाही, हे खरं. घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, त्यामुळे सांगायची सवय नाही आणि ऐकायचीही. पण गेल्या हिवाळ्यापासून मला राग येतो आहे, आणि तो तरी नीट सांगावा असं वाटतं.

दुसऱ्या वर्षाच्या प्रबंधासाठी मी निपाणीतली आमचीच गल्ली निवडली. इथं घरोघरी बायका बिड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, पाठ भिंतीला. या घरांना पुरेसं अन्न मिळतं का, एवढाच माझा प्रश्न. फॉर्म बेळगावच्या आमच्या विभागातून तयार मिळाला होता. स्वतःच्या घरी स्वतः विचारायचं नाही असा नियम, म्हणून आमच्या घरचा फॉर्म भरायला वर्गातला एक मित्र आला. तो बेळगुंदीचा, घरची शेती. मी आत चहा ठेवत होते. मध्ये नुसता पडदा, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

"मावशी, गेल्या महिन्यात घरात काही नाही म्हणून कधी जेवण चुकलं का?"

"न्हाय बा. तसं कधीच न्हाय."

"काल काय काय खाल्लं?"

"भाकरी, आमटी, भात. वांग्याची भाजी."

वांगी त्या दिवशी सकाळी आणली होती, त्याच्यासाठी. आदल्या दिवशी आप्पांनी, माझ्या वडिलांनी, आणि मी भाकरी आणि खर्डा खाल्ला होता. आई म्हणाली होती, "मला भूक न्हाय," आणि दातांवर बोट फिरवत उंबऱ्यावर बसली होती. मिश्री लावत होती. फुटक्या तव्यावर तंबाखू काळा होईपर्यंत भाजायचा, बारीक कुटायचा, डबीत भरून ठेवायचा. दात घासायला म्हणून लावतात, असं म्हणायचं. पण मिश्री लावली की भूक मरते, हे आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

मित्र दोन भाकरी जेवला. "मावशी, वांगं लई भारी," म्हणाला. जाताना त्यानं मला फॉर्म दाखवला. "तुमचं घर एकदम चांगलं आलंय बघ. अन्नसुरक्षित." तो मनापासून खूश होता. फॉर्म हिसकावून फाडावा असं मला वाटलं. मी "थँक्यू" म्हणाले. मी अशीच आहे.

बाकीच्या घरांचे फॉर्म मी भरले. माझ्यासमोरही तेच. कुणाचंच जेवण कधी चुकलेलं नव्हतं. मी सगळं लिहून घेतलं, आणि लिहिताना प्रत्येकीच्या उशाशी, कोनाड्यात, कमरेच्या पिशवीत ती डबी दिसत होती. फॉर्ममध्ये डाळीला रकाना होता, दुधाला होता, अंड्याला होता. डबीला नव्हता.

मी मार्गदर्शक सरांकडे गेले.

"मिश्री हे अन्न आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही सर."

"मग अन्नाच्या फॉर्ममध्ये कशाला? तो आरोग्याचा विषय झाला."

"सर, ती अन्नाच्या जागी..."

"म्हणजे बायका खोटं सांगतात, असं तुला म्हणायचंय?"

मी फॉर्म परत पिशवीत घालू लागले. ते वाईट नाहीत. मला थांबवत म्हणाले, "हवं तर एक प्रश्न वाढव. पण मग प्रत्येक घरी परत जायचं. सगळ्यांना एकाच शब्दांत विचारायचं. नाहीतर आहे ते उत्तर राहील."

आहे ते उत्तर राहिलं, तर या गल्लीत कुणाला काही कमी नाही, असं मी माझ्या हातानं लिहिणार. उद्या कुणी तो तक्ता पुढं धरून म्हणेल, इथं काही द्यायची गरज नाही. बसमध्ये मी सरांवर चिडले, मित्रावर चिडले, आईवर चिडले. मग माझ्यावर. "मला भूक न्हाय" हे मी लहानपणापासून खरं मानत आले, कारण ते खरं मानलं की टोपलीतली शेवटची भाकरी घेता येते.

घरी आई बिड्या वळत होती.

"तो फॉर्मवाला मित्र परत येणार हाय," मी म्हणाले. "मिश्रीचं विचारंल. जेवणाआधी लावतीस का जेवणाच्या बदली, म्हणून."

तिचे हात थांबले नाहीत. "असलं विचारायला कुणी सांगितलं त्याला?"

"मी."

"घरातली भूक गावाला दाखवतीस व्हय? त्याच्यासाठी शिकवली तुला?"

"तू त्याला वांगी सांगितलीस, आई! सगळ्यांनी तुझ्यासारखंच सांगितलं. कागदावर सगळी गल्ली पोट भरून जेवलीया." मी इतकी मोठ्यानं ओरडले की समोरचं दार उघडलं.

"मग काय सांगू?" आईही ओरडली. "पोरगं पाव्हणं आलतं. मी उपाशी हाय म्हटल्यावर त्याच्या घशाखाली घास उतरला असता काय?"

ती उठली, मोरीत चूळ भरली, परत येऊन बसली. पानं कातरू लागली.

"नाव लिवत्यात?"

"न्हाय. घराला नंबर असतोय."

"मग येऊ दे. तीन येळा. दुपारची जेवणाच्या बदली." तिनं समोरच्या दाराकडे पाहिलं. "समोरची आक्का एकदाच सांगंल बघ. तिचंबी तीनच लिव्हा."

"तसं चालत न्हाय. तिनंच सांगाय पायजे."

"मग मी येते तुझ्यासंगं. माझ्यासमोर कशी खोटं बोलती बघू." तिनं सूप पुन्हा मांडीवर ओढलं. "आणि ह्या टायमाला त्याला नुसता चहा. वांगी न्हाय."