उलट्या पिळाची लोकर

कताईच्या शेडमध्ये आईच्या लडींसाठी एक वेगळी खुंटी होती. मान म्हणून नव्हे, धास्ती म्हणून. आई डावखुरी. टकळीला ती डाव्या हाताने झटका द्यायची, त्यामुळे बाकी बायकांच्या धाग्याला पीळ एकीकडे आणि आईच्या धाग्याला दुसरीकडे. असे दोन पदर एकत्र वळले की एक उलगडून भुसभुशीत व्हायचा आणि दुसरा आवळून काडीसारखा ताठ. एकदा कुणाच्या तरी नजरचुकीने तसं झालं आणि अख्खं कांबळं वाया गेलं. तेव्हापासून मुकादमीणबाईंनी खुंटीच वेगळी केली.

बायका तिला 'डावी' म्हणायच्या. "डावीचं सगळंच उलटं!" आई म्हणायची, "मी सरळच आहे गं. तुम्ही सगळ्या मिळून उलट्या फिरता." हातातली टकळी आणि तोंडाची टकळी, दोन्ही एकदम चालायच्या.

बाबा मेंढ्यांची लोकर कातरायचे. मेंढी गुडघ्यांत धरून अशी कातर चालवायचे की लोकर अंगरख्यासारखी सलग उतरायची. आणि त्यांच्या स्वतःच्या अंगात? दुकानातला विकतचा स्वेटर, तोही कोपरांत विरलेला. "दिव्याखाली अंधार," आई म्हणायची. "मग विण की," बाबा म्हणायचे. "आधी मागा नीट," ती म्हणायची. दोघांनी आपापला हेका इतकी वर्षं चालवला. सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही, असं बाबा तिच्याबद्दल येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, जसे काही स्वतः मेणाचे होते.

गेल्या हिवाळ्यात मात्र तिने न मागताच सुरुवात केली. स्वतः कातलेल्या एकपदरी धाग्याचा स्वेटर. पाठ झाली, पुढा झाला, एक बाही झाली. थंडी सरता सरता एका सकाळी ती ओट्यापाशी कोसळली आणि उठलीच नाही. मेंदूची रक्तवाहिनी बंद पडली, असं डॉक्टर म्हणाले.

दुसरी बाही राहिली. बाबांनी त्या बाहीचा ध्यासच घेतला. लोकर शिल्लक होती, कातणारा हात नव्हता.

"लोकरीचा आणि जनावरांचा मेळा भरतोय," ते एक दिवस म्हणाले. "तिथे डावखुरी कुणीतरी सापडेल."

"शेजारच्या काकू बाही विणून देतील की, बाबा."

"विणेल कुणीही. धागा तिच्यासारखा हवा. नाहीतर बाही परक्याची दिसेल."

मला मेंढ्यांचा वास लहानपणापासून नको झालाय. तरी ऑफिसात रजा टाकली, कुरकुरत. बाबांना एकटं सोडलं असतं तर ते एखाद्या एडक्याशीच गप्पा मारत बसले असते.

मैदानभर पेंढा पसरला होता. एका बाजूला मेंढ्या-बकऱ्यांचे वाडे, दुसरीकडे लोकरी सशांचे पिंजरे, मधे लोकरवाल्यांचे तंबू. एक तरुण विजेच्या यंत्राने मेंढी भादरत होता आणि लोक टाळ्या वाजवत होते. एरवी बाबांनी तिथे थांबून त्याची सालं काढली असती. आज त्यांनी मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. प्रत्येक तंबूपाशी थांबायचे, कातणारीचा हात बघायचे, "उजवी," म्हणायचे आणि पुढे.

"बाबा, बायकांच्या हातांकडे असं टक लावून काय बघता? लोक काय म्हणतील?"

"मग कशाकडे बघू?"

मी त्यांच्या मागोमाग निघाले.

बकऱ्यांच्या वाड्यामागे, शेवटच्या तंबूत, गळ्यात चष्मा लोंबणाऱ्या एक जाडजूड बाई कातत बसल्या होत्या. डाव्या हाताने. बाबा जागच्या जागी थबकले. "सापडली गं," ते म्हणाले. तेरवीलाही न रडलेला माणूस बकऱ्यांसमोर रडला.

बाईंनी आम्हाला पेंढ्याच्या गठ्ठ्यांवर बसवलं, सगळं ऐकून घेतलं आणि बाबांच्या पिशवीतला स्वेटर मांडीवर पसरला. पाठीवरून बोटं फिरवत म्हणाल्या, "काय हात होता हो! केसाचासुद्धा फरक नाही." बाबा असे फुलले, जणू त्यांनीच कातलं होतं. मग बाईंनी बाही हातात घेतली. मनगटापासून वर आल्या आणि कोपरापाशी थांबल्या. चष्मा चढवला.

"काका, बाहीचा वरचा भाग कुणी केला?"

"तिनंच. दुसरं कोण?"

"विणलं असेल त्यांनीच. पण कोपरापासून पुढचा धागा त्यांचा नाही."

"आमच्या घरात दुसरं कुणी कातत नाही," बाबा जरा घुश्शातच म्हणाले.

बाईंनी बाही आमच्यासमोर धरली. कोपराखाली टाके एका बाजूला कललेले, वर दुसऱ्या बाजूला. मलासुद्धा दिसलं. "हे उजव्या हाताने कातलंय," त्या म्हणाल्या. "आणि नवशिक्यानं. बघा ना, कुठे जाड, कुठे बारीक."

बाबांनी बाही हातात घेतली. माझ्या डोळ्यांसमोर आईचा चहाचा कप आला. त्या थंडीत ती कप उजव्या हातात धरायची. "या वयात सुधारले एकदाची," म्हणायची आणि आम्ही हसायचो. डावा हात मांडीवर पडलेला असायचा.

"मी बोललो होतो तिला," बाबा म्हणाले. "बाही वाकडी जायला लागली, म्हातारी झालीस, म्हटलं. तर म्हणाली, लोकरच वाईट कातरलीत तुम्ही." ते थांबले. "हात जात होता तिचा. सांगितलं असतं तर दवाखान्यात नेलं असतं. आधी स्वेटर, मग दवाखाना, असं ठरवलं असेल तिनं."

मला आईचा इतका राग आला की ती समोर असती तर मी तिच्याशी कडाकडा भांडले असते. ती समोर असती, तर.

बाई हळूच म्हणाल्या, "काका, कोपरापर्यंतचं मी कातून देते. तिथपर्यंत हुबेहूब जुळेल. त्याच्या वरचं..."

"त्याच्या वरचं मला शिकवा."

बाबांनी पिशवीतून आईची टकळी काढली. आयुष्यभर कातर धरून त्यांची बोटं आखडलेली. टकळी पुन्हा पुन्हा पेंढ्यात पडत होती, धागा तुटत होता. बाई पुन्हा जोडून देत होत्या. शेजारच्या वाड्यातली बकरी कुंपणातून मान काढून बघत होती आणि बाबा तिच्यावर डाफरत होते. अखेर वीतभर धागा निघाला. इथे गाठीसारखा जाड, तिथे तुटायला आलेला.

बाईंनी तो बाहीच्या वरच्या भागावर, कोपरापुढच्या टाक्यांजवळ ठेवला. कुठला कुणाचा, मला सांगता आलं नसतं.

"जुळतोय," बाई म्हणाल्या.

बाबांनी मान हलवली. उजव्या हाताची बोटं चोळत ते माझ्याकडे वळले.

"बघ," ते म्हणाले. "एवढं कठीण जात होतं तिला."