शालनबाईंचा तळहात

भिमाजी औटींनी आपलं मशीन कधी ऐकलं नव्हतं. अकरा वर्षं ते चालवत होते, स्वतःच्या हातांनी बनवलं होतं, पण त्याचा आवाज कसा आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. भोसरीच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं पॉवरप्रेसवर काढली होती. निवृत्त झाले तेव्हा फंडाचा चेक घरी आला आणि दोन्ही कान कारखान्यात राहिले, असं ते स्वतःच हसून सांगत.

मशीन दगड घासण्याचं होतं. दोन रोलर, एक जुनी मोटर, आणि रोलरवर आडवा फिरणारा जाड लोखंडी पाइपचा डबा. त्याला भिमाजी बॅरल म्हणत, त्यांच्या पत्नी शालनबाई डबडं. डब्याला आतून रबराचं अस्तर. त्यात गारगोट्या, पाणी आणि घासायची पावडर घालून झाकण आवळायचं आणि महिनाभर फिरवत ठेवायचं. मग खडबडीत गारगोटी भिजलेल्या द्राक्षासारखी तुकतुकीत होऊन बाहेर येई. गारगोट्या शालनबाई आणत. मुलगा अजिंक्य निघोज्याला राहायला गेला होता. तिथे प्लॉट सपाट करताना काळा खडक फुटला की पोटातून या गारगोट्या पडत. मुलाकडे जाताना पिशवीत बेसनाचे लाडू असत, येताना दगड.

बॅरलमधले दगड नीट उलटतात की नुसते घसरतात, हे आवाजावरून कळतं. घसरले की ते गोल होत नाहीत, एका बाजूने चपटे होतात. बॅरलवर हात ठेवला तर भिमाजींना थरथर जाणवे, पण ती दोन्ही वेळा सारखीच. म्हणून कानाचं काम शालनबाईंकडे. भाकरी थापता थापता त्या खूण करत. मूठ गोल फिरवली की ठीक चाललंय. तळहात पालथा धरून पुढे-मागे केला की घसरतंय.

"पण ठीक चाललंय म्हणजे वाजतं कसं?" भिमाजींनी एकदा विचारलं होतं.

शालनबाईंनी विचार केला आणि ओठ सावकाश हलवत म्हणाल्या, "तांदूळ धुतल्यावानी."

मार्गशीर्षात त्यांनी एक नवीनच खूण केली. दोन बोटांची पेरं फरशीवर ठोकली, ठण ठण. "आवो, लोखंड वाजतंय डबड्यात."

"कसं वाजेल? अस्तर घालून तीन महिने नाही झाले. माझ्या हातचं आहे ते."

दुसऱ्या दिवशी पुन्हा पेरं ठोकली. तिसऱ्या दिवशी त्यांनी हात धरून भिमाजींना मशीनपाशी नेलं. भिमाजींनी हात सोडवून घेतला. "तुझ्याच कानात काहीतरी गेलंय. मशिनीतलं तुला काय कळतं?"

शालनबाई रागावल्या नाहीत. "बरं बाई," म्हणाल्या आणि कुकर लावायला गेल्या.

चौथा दिवस गुरुवार होता. सकाळी अस्तर फाटून बॅरलला भोक पडलेलं दिसलं आणि काळपट राड फरशीभर पसरली होती. शालनबाईंना लक्ष्मीचा घट मांडायचा होता. भिमाजी बॅरल उचलून मोरीत गेले आणि पाठमोरे बसून दगड धुऊ लागले. त्या पोतेरं घेऊन वाकल्या. दगड धुऊन झाल्यावर, भोकात करंगळी घालून बघून झाल्यावर भिमाजींनी मागे वळून पाहिलं. शालनबाई राडीत कुशीवर पडल्या होत्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं : पडून किती वेळ झाला होता?

प्रेसचा एक ठोका किती सेकंदांचा ते भिमाजी अजूनही सांगू शकले असते. आता ते मोरीत किती दगड धुतले ते बोटांवर मोजू लागले. डॉक्टरांनी पुढे लिहिलं, की झटका रक्तदाबाचा आहे, तो येणारच होता. ते वाक्य भिमाजींनी वाचलं. वाचलं एवढंच.

सव्वीस दिवसांनी शालनबाई कासारवाडीच्या त्या दोन खोल्यांत परत आल्या. उजवं अंग गेलं होतं. वाचाही गेली होती. डोळे उघडे असत, पण ते भिंतीवर. भिमाजी त्यांना भरवत, पुसत, कूस बदलत, आणि हे सगळं करताना चादरीकडे बघत. तोंडाकडे बघायचा धीर त्यांना होत नव्हता.

व्यायाम करून घ्यायला स्वप्नाली नावाची मुलगी दहा वाजता येई. तिने फोनवर मोठी अक्षरं करून दाखवली : "काका, ओळखीचे आवाज ऐकवा. कशाने ना कशाने प्रतिसाद मिळतो."

ओळखीचा आवाज. भिमाजींनी कोपऱ्यात पालथ्या पडलेल्या बॅरलकडे पाहिलं.

त्या दुपारी त्यांनी जुनं अस्तर सोलून काढलं आणि चूक सापडली. रबराची दोन टोकं एकावर एक चढवून चिकटवतात. वरच्या टोकाची धार दगड ज्या दिशेने सरकतात त्याच दिशेला हवी, म्हणजे दगड तिच्यावरून उतरून जातात. भिमाजींनी अस्तर बरोबरच घातलं होतं. पण एकदा बॅरल धुतल्यावर रोलरवर उलट्या तोंडाने ठेवलं गेलं. मग दगड धारेवर समोरून आदळत राहिले, पावडर जोडाखाली शिरली आणि रबर कुरतडत लोखंडापर्यंत पोचली. शालनबाईंना ऐकू आलं ते हेच. तीन दिवस. त्यांनी ठोकून ठोकून सांगितलं होतं.

भोसरीत गणराजचं रबराचं दुकान होतं. भिमाजींनी हवी ती जाडी सांगितली तसा तो तोंड मोठं करून ओरडला, "काका, डबा केवढा, रबर केवढं मागताय! आत दगड फिरवताय का रणगाडा?"

"टोकं तिरकी तासून दे. नखाला जोड लागता कामा नये."

"नखाला? अहो, सासूलासुद्धा सापडणार नाही असा जोड देतो." मग त्याचा चेहरा बदलला. "मावशी कशा आहेत?"

ओठ स्पष्ट वाचता आले होते. भिमाजींनी कानाला हात लावून ऐकू न आल्याचं दाखवलं आणि रबराची गुंडाळी काखेत मारून निघाले.

चार दिवस ते काम चाललं. भोकावर पत्रा झाळून घेतला. आतलं लोखंड पॉलिश पेपरने घासून पांढरं केलं. रबर चिकटवायच्या सोल्युशनचे तीन हात दिले, प्रत्येक हात सुकू दिला. दगड उचलले जावेत म्हणून आत तीन आडव्या पट्ट्या बसवल्या. बाहेरून रंगाने बाण काढला, म्हणजे पुन्हा बॅरल उलटं बसणार नाही. मग निघोज्याच्या गारगोट्या घातल्या, बटण दाबलं, आणि खुर्ची घेऊन ते शालनबाईंच्या डाव्या हातासमोर बसले.

पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या, तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी, ऊन चादरीवर आलेलं असताना, तो हात पालथा झाला. तळहात चादरीवरून पुढे गेला, मागे आला. पुन्हा पुढे, पुन्हा मागे.

"घसरतंय!" भिमाजी एवढ्या मोठ्याने ओरडले, की शेजारचे दारात आले. "घसरतंय म्हणतेय ती!"

त्यांनी मशीन बंद केलं, झाकण काढलं, गारगोट्या परातीत ओतल्या आणि एकेक भिंगाखाली धरली. कुठे चपटी बाजू नव्हती. कडा सगळीकडून सारख्या झिजत होत्या. अस्तरावर ओरखडा नव्हता, जोड नखाला लागत नव्हता. असं चोख काम त्यांच्या हातून कारखान्यातही क्वचित झालं असेल.

दुसऱ्या दिवशी ते स्वप्नालीची वाट बघत दारातच उभे होते. तिला त्यांनी हात दाखवला. "बघ. खूण आहे ही आमची. घसरतंय."

स्वप्नालीने हाताकडे पाहिलं. मग फोनवर लिहिलं, पुसलं, परत लिहिलं : "काका, हात दवाखान्यातून आणल्यापासून अधूनमधून असाच हलतो. मी रोज बघते. आपोआप होतं ते. आणि आत्ता मशीन बंद आहे."

भिमाजींनी दोनदा वाचलं. मशीनकडे पाहिलं. पट्टा थांबलेला होता, बॅरल परातीशेजारी रिकामं होतं. चादरीवर हात पुढे जात होता, मागे येत होता. इतके दिवस तो अधूनमधून असाच चालला असणार, आणि आपण चादरीकडेच बघत होतो, तरी आपल्याला दिसला नाही, एवढंच त्यांच्या मनात आलं.

रविवारी सुट्टीला अजिंक्य आला, तेव्हा वडील फरशीवर मांडी घालून बसले होते. बॅरल गुडघ्यांत धरलेलं, हातात गणराजकडची वाकडी सुरी. नव्या अस्तराची पहिली पट्टी उचकटून बाजूला पडली होती.

त्याने त्यांचा खांदा हलवला आणि समोर बसून सावकाश बोलला, "बाबा, हे काय करताय? नवीन आहे ना ते? झिजलंय?"

"नाही. एक नंबर आहे."

"मग?"

"तुझी आई म्हणतेय घसरतंय."

"बाबा, स्वप्नाली मॅडमनी मला फोनवर सगळं सांगितलंय. तुम्हालाही सांगितलंय त्यांनी."

"सांगितलंय," भिमाजी म्हणाले. "मला कळलंय ते."

अजिंक्यने सुरीसाठी हात पुढे केला. भिमाजींनी सुरी दिली नाही. त्यांनी जोडाची जागा बोटांनी चाचपली, आपणच इतकी साफ केलेली ती जागा त्यांना पटकन सापडेना, मग सापडली, आणि पातं आत घातलं. रबर चांगलं चिकटलं होतं. ते सुटायला वेळ लागणार होता. दर दोन-तीन इंचांनी ते थांबत, मान वळवत, शालनबाईंकडे बघत, हात चालू आहे ना ते पाहत, आणि पुन्हा सोलायला लागत.