न पाहिलेल्या गावाचा लेख

नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला ऑफिसात माझ्या समोरच्या टेबलावर एक जपानी बाई बसतात. माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठ्या, बोलायला कमी. एकदा दुपारी बाजारातल्या गाडीवर लोक कांदा लावून कच्चा हेरिंग मासा खात होते. ते पाहून त्या म्हणाल्या, "आमचं गाव या माशानं वसवलं आणि यानंच उठवलं."

मग कितीतरी दुपारी त्या मला त्यांचं गाव सांगत राहिल्या. जपानच्या उत्तरेला, होक्काइदो बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर. डोंगर थेट समुद्रात उतरलेला, मधल्या चिंचोळ्या पट्टीत एकच रस्ता आणि दोन्ही अंगांना घरं. गावाचं नाव मुळात जपानी नव्हेच. आधीपासून तिथे राहणाऱ्या ऐनू लोकांच्या भाषेतलं. वसंतात हेरिंग किनाऱ्याशी अंडी घालायला यायचे तेव्हा समुद्र दुधासारखा पांढरा व्हायचा. बायका पाठीवर लाकडी खोकी बांधून मासे वाहायच्या. मोठमोठ्या कढयांत ते उकळून तेल काढायचं आणि चोथा वाळवून खत म्हणून जहाजानं दक्षिणेकडे पाठवायचा. मग एका वसंतात हेरिंग आलेच नाहीत. पुढच्याही नाही. माणसं पांगली, शाळा मिटली, रेल्वे बंद झाली. बाईंचे वडील त्याच शाळेत भूगोल शिकवायचे. ते मात्र तिथेच राहिले.

चार वर्षांपूर्वी हिवाळ्यात त्याच बेटावरच्या साप्पोरो शहराजवळच्या एका कारखान्यात मशीन बसवायला मला जावं लागलं. बाईंनी वडिलांसाठी स्वतः विणलेला मफलर आणि स्त्रोपवाफल या डच बिस्किटांचा डबा माझ्याकडे दिला.

"शनिवारी सकाळची बस घे," त्या म्हणाल्या. "बाबा स्टॉपवर येतील. मी फोन करून ठेवलाय."

शनिवारी बर्फ पडत होता. बसनं जायला तीन तास, यायला तीन. आमच्या टीममधली पुण्याची पोरं गरम पाण्याच्या कुंडांवर निघाली होती. "चल रे, कुठे म्हाताऱ्याला भेटायला जातोस," म्हणाली. मी डबा आणि मफलर हॉटेलच्या काउंटरवर दिलं, कुरियर करायला सांगितलं आणि त्यांच्याबरोबर गेलो. वडिलांचा नंबर माझ्याकडे होता. जपानी येत नाही, हे फोन न करण्याचं कारण मी स्वतःला दिलं.

संध्याकाळी बाईंना मेसेज केला: 'सामान दिलं. बाबा मजेत आहेत.' उत्तर आलं, 'आभारी आहे.'

कुरियर पोचलं की आपलं बिंग फुटणार, हे डोक्यात आलं दुसऱ्या दिवशी. पण परतल्यावर बाई काहीच बोलल्या नाहीत. निभावलं, असं मला वाटलं.

तेवढ्यावर थांबायला हवं होतं. त्या वर्षी आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लेख मागितला, तेव्हा मी त्या गावावर लिहिला. बसमधून उतरलो, वडिलांनी माझा हात हातात घेतला, आम्ही पहाटे समुद्रातून उगवणारा सूर्य पाहिला. बाईंची सगळी वाक्यं माझी करून टाकली. लोकांना फार आवडला. द हेगच्या कार्यक्रमात मला तो वाचायला लावला, आणि मी वाचला. बायकोलाही मी खरं सांगितलं नव्हतं.

ऑफिसच्या कौटुंबिक मेळाव्यात बायकोनं मोठ्या कौतुकानं तो अंक बाईंच्या हातात दिला. फोनवर इंग्रजी भाषांतरही करून दाखवलं. मी चार पावलांवर कॉफीचा कप धरून उभा. बाईंनी सावकाश शेवटपर्यंत वाचलं. "छान लिहितात तुमचे मिस्टर," म्हणाल्या.

सोमवारी त्यांनी माझ्यापुढे एक घडी केलेला कागद ठेवला. पेन्सिलीनं काढलेला नकाशा होता. शब्दकोशात शोधून लिहिलेले इंग्रजी शब्द: 'इथे मासे उकळत.' 'ही माझी शाळा.' 'इथे वारा फार. टोपी धरा.'

"बाबांनी तुझ्यासाठी केला होता," त्या म्हणाल्या. "तीन बस येऊन जाईपर्यंत ते स्टॉपवर उभे होते. मग घरी जाऊन मला फोन केला. नंतर हा पोस्टानं पाठवला. तुला लाज वाटेल म्हणून दिला नव्हता."

मी कागदाची घडी घालू लागलो, तेव्हा त्या पुढे म्हणाल्या,

"लेखात एक चूक आहे. आमचा किनारा पश्चिमेचा. सूर्य डोंगरामागून येतो. समुद्रात मावळतो."

घरी जाऊन बायकोला सगळं सांगितलं. "आणि मी त्यांच्याच हातात दिला तो अंक," एवढंच ती म्हणाली. मंडळाच्या संपादकांना मी खुलासा छापायला पाठवला. ते म्हणाले, "अहो, ललित लेखनात चालतं एवढं." मी हट्ट धरला, तेव्हा चार ओळी छापून आल्या.

राहिले वडील. मी माफीचं पत्र लिहून बाईंकडे नेलं, जपानीत करून द्या म्हटलं. त्यांनी वाचून परत दिलं.

"तुला ताप आला होता असं मी बाबांना सांगितलंय," त्या म्हणाल्या. "आता खरं सांगितलं तर तुला बरं वाटेल. त्यांना नाही."

तेव्हापासून दर नवीन वर्षाला वडील माझ्यासाठी किनाऱ्यावर वाळवलेल्या समुद्री शेवाळाची पुडी पाठवतात. तापानंतर अंगात ताकद यावी म्हणून. यंदाही आली. बाईंनी ती माझ्या टेबलावर ठेवली. मी म्हटलं, "कळवा त्यांना, तब्येत आता बरी आहे."