मधल्या पत्त्याची जांभळी चिप

जेवून उठताना मावशी रोज एकदा टाळी वाजवायची आणि दोन्ही तळवे उलटसुलट करून आम्हाला दाखवायची. कसिनोत पत्ते वाटणाऱ्यांना टेबल सोडताना हे करावंच लागतं. हातात काही लपवलेलं नाही, बघा. निवृत्त झाली तरी तिची सवय सुटली नाही. "चमचा पळवला नाहीस ना गं?" आई चिडवायची.

बंद पडलेल्या खेळांच्या चिपा जमवणं हा मावशीचा छंद. एखादा खेळ चालेनासा झाला की कसिनो त्याच्या चिपा, म्हणजे पैजेच्या चकत्या, यंत्रात घालून चुरा करतं. गिऱ्हाइकांच्या खिशातून घरी गेलेल्या तेवढ्या उरतात. अशा कितीतरी तिनं मिळवल्या होत्या. नव्हती ती नेमकी तिच्या स्वतःच्या टेबलाची. 'मधला पत्ता' हा खेळ तिनं उमेदीची सगळी वर्षं चालवला. दोन पत्ते उघडायचे, तिसरा त्यांच्या मधला आला तर खेळाडू जिंकला. त्या खेळाची जांभळी चिप रोज तिच्या बोटांतून जायची, पण घरी एकही आणता आली नाही.

एक शिल्लक होती चष्मेवाल्या काकांकडे. ते त्या टेबलावरचं जुनं गिऱ्हाईक. मावशी मला घेऊन त्यांच्या चष्म्यांच्या दुकानात गेली.

"विकणार नाही," काउंटरवर चिप ठेवत काका म्हणाले. "खेळून घ्या. हरलात तर तुमच्याकडची हवी ती मी उचलणार."

"मी कधी खेळलेच नाही हो. आम्हाला मनाई होती."

"मग आज खेळा! आयुष्यभर मला लुटलंत, आता मी वाटतो."

मावशी सवयीनं काउंटरच्या आत शिरली.

"अहो, बाहेर! आज गिऱ्हाईक तुम्ही."

पहिला पत्ता छक्की. दुसरा अठ्ठी. म्हणजे आता फक्त सत्तीच हवी. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा काउंटरवर बदामाची सत्ती पडली होती.

"खेळाडू जिंकला," मावशी सपाट आवाजात म्हणाली आणि शिरस्त्याप्रमाणे तिनं चिप समोर सरकवली. काकांकडे.

"मावशी, अगं खेळाडू तू आहेस!"

ती थबकली. मग अशी खळखळून हसली की नंबर तपासायला बसलेल्या बाईही हसू लागल्या.

"इतक्यांदा हरलो," काका म्हणाले, "पण हरून एवढं बरं कधी वाटलं नव्हतं."

काचेच्या कपाटात जांभळी मधोमध बसली. शेवटच्या दुखण्यात मावशी पलंगावरून तिच्याकडे बघत राहायची. गेली त्या दुपारीही बघत होती. मी पाणी घेऊन आत गेले तर म्हणाली, "पडदा ओढ गं जरा, उन्हानं रंग उडतो तिचा."