सुनेला न विचारलेला प्रश्न

घड्याळजींना मावशीबद्दल खरं म्हणजे फार थोडं ठाऊक होतं. तिचं माहेर कुठलं, नवरा कधी गेला, काहीच नाही. दोघांच्या दुकानांमध्ये फळ्यांची एक भिंत होती. तिच्या पलीकडून जे कानांवर पडे, तेवढीच ओळख. वयाने हे मोठे. पण सगळे तिला मावशी म्हणत, म्हणून हेही म्हणत.

मावशी झाडपाल्याची औषधं विकायची. पीसीओएसमुळे पाळी लांबलेल्या पोरींची तिच्याकडे रीघ असे. पण बरणीला हात लावण्याआधी मावशीची उलटतपासणी, तीही खणखणीत आवाजात.

"शेवटची पाळी कधी आली? लाजतेस काय, मी काय तुझी सासू आहे? लांबली असेल तर आधी दवाखान्यात तपासून ये. पोटात बाळ असलं तर ज्येष्ठमध चालत नाही. आणि डॉक्टरच्या गोळ्या सोडायच्या नाहीत. माझा पाला म्हणजे काही जादू नव्हे."

पलीकडे घड्याळजी कानकोंडे व्हायचे. आपण ऐकत नाही हे कळावं म्हणून एखाद्या घड्याळाचा गजर वाजवून द्यायचे.

"कळलं हो, तुम्ही बहिरे आहात!" मावशी ओरडायची, आणि पोरी फिदीफिदी हसायच्या.

तिच्या सुनेलाही तोच त्रास होता. लग्नाला बरीच वर्षं झाली, घरात पाळणा हलला नव्हता. तिच्यासाठी मावशी स्वतः पुदिना आणि ज्येष्ठमधाची पुडी बांधायची आणि चकार शब्द न काढता हातात द्यायची.

एका दुपारी सून पुडी न्यायला आली.

"आई, या खेपेला कमीच द्या. काढ्याच्या नुसत्या वासानेच मळमळतं हल्ली."

"रिकाम्या पोटी पीत असशील," म्हणत मावशीने बरणी उघडली.

घड्याळजींच्या हातातला चिमटा थांबला. बायकांच्या बोलण्यात आपण कशाला पडा? चुकीचं निघालं तर तोंड दाखवायची सोय उरणार नाही. गजराकडे गेलेला हात त्यांनी मागे घेतला, आणि उठून ते मावशीच्या दारात जाऊन उभे राहिले. असे ते कधीच गेले नव्हते.

"मावशी, ते... तुम्ही सगळ्यांना विचारता ना, ते हिला विचारलंत?"

मावशीचा हात बरणीतच राहिला.

"हिला कसं विचारू?" ती हळूच म्हणाली. "हिला वाटायचं, सासू नातवासाठी हात धुऊन मागे लागलीय."

"तीन महिने तरी झाले असतील," सून पुटपुटली. "माझं नेहमीचंच, म्हणून मीही..."

दुकान उघडं टाकून दोघी दवाखान्यात गेल्या.

संध्याकाळी मावशी एकटीच परतली. सुनेला दिवस गेले होते. डॉक्टरीणबाईंनी दोघींना चांगलंच फैलावर घेतलं होतं: काढा आजपासून बंद, आणि तपासणी चुकवायची नाही. पुढे बाळंतपण होईस्तोवर मावशीचा आवाज भिंतीपलीकडे नीट ऐकूही यायचा नाही. मुलगी झाली, धडधाकट, तेव्हा कुठे तो पुन्हा चढला.

मग ती दुकान लवकर बंद करू लागली. काही दिवसांनी लेकाची अचानक बदली झाली आणि घाईघाईत सगळं घरच दुसऱ्या गावी गेलं. निरोप घ्यायचा राहूनच गेला. बदलीचं कळण्याआधीच्या संध्याकाळी मात्र कुलूप लावताना ती नेहमीसारखी डोकावली होती.

"येते हो घड्याळजी. पोरीला झोपवायचंय, माझ्याशिवाय झोपत नाही."

"या. जरा बघून जा, पायरी ओली आहे."